पट्टीमामाने कॅमेरा घेतला

पट्टीमामाच्या हाताला गुण होता, हे त्याचे शत्रूसुद्धा कबूल करत. तसे त्याला शत्रू नव्हतेच म्हणा. सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत बसून लोकांच्या जखमा धुवायच्या नि पट्ट्या बांधायच्या, यात शत्रू कुठून होणार? चिकटलेला गॉझ तो असा सोडवायचा की पेशंट आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगत असतानाच काम उरकलेलं असायचं. "झालंसुद्धा?" असं कुणी म्हटलं की मामा फुशारायचा. चांगल्या माणसालाही एखादी खोड असते, आणि मामाची खोड ही, की दुसऱ्याचं ऐकायचं ते मान डोलावून, आणि करायचं ते आपल्या मनाचं.

नव्या डॉक्टरबाई आल्या नि त्यांनी एक पद्धत घालून दिली. ज्या जखमा महिनोन् महिने भरत नाहीत त्यांचा दर मंगळवारी फोटो काढायचा. जखमेच्या शेजारी कागदाची चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा, तारीख आणि रजिस्टरचा नंबर. म्हणजे मागच्या महिन्यात जखम केवढी होती आणि आता केवढी आहे, ते डोळ्यांनी दिसतं. पद्धत चांगलीच होती. फक्त खात्याच्या कॅमेऱ्याचं तोंड अर्धवट उघडून अडकलं होतं, आणि नव्या कॅमेऱ्याचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरायला निघाला होता. मामाने छाती पुढे काढून सांगितलं, मी माझा स्वतःचा घेतो. यात नुसता परोपकार नव्हता. मामी दोन वर्षं कॅमेरा कॅमेरा करत होती आणि भाचीचं लग्न महिन्यावर आलं होतं. एका दगडात दोन पक्षी मारायचे, असा बेत. तो दगड कुणाच्या कपाळावर बसणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

दुकानात मामा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. काचेच्या कपाटात छोटे कॅमेरे ओळीने मांडले होते, खिशात मावतील असे, काळे, चंदेरी, एक तर चक्क लाल. दुकानदार गोड बोलणारा. त्याने पहिलाच प्रश्न केला, कसले फोटो काढता? मामा अडखळला. शेजारी एक नटलेलं जोडपं उभं होतं. त्यांच्यासमोर 'जखमांचे' कसं म्हणायचं? सव्वीस वर्षांत आपल्या कामाची त्याला कधी लाज वाटली नव्हती, ती त्या चकचकीत दुकानात वाटली. जवळून काढायचे असतात, एवढंच तो पुटपुटला. फुलांचे का, दुकानदाराने विचारलं. हो हो, फुलांचेच, मामा म्हणाला.

मग काय, दुकानदाराची कळी खुलली. त्याने चंदेरी कॅमेरा काढला, मागच्या गोल बटणावर एक इवलंसं फूल कोरलेलं दाखवलं. हे दाबायचं आणि कितीही जवळ जायचं. त्याने गल्ल्याशेजारच्या प्लॅस्टिकच्या फुलांचा फोटो काढून दाखवला, तर पाकळीवर साठलेली धूळसुद्धा कणकण दिसत होती. मामाने मनातल्या मनात त्या जागी एक पायाची जखम ठेवून पाहिली नि म्हणाला, हाच द्या.

कॅमेरा म्हणजे नुसती सुरुवात असते, हे त्याला पुढच्या अर्ध्या तासात कळलं. दुकानदार एकेक वस्तू काढून ठेवत गेला. कॅमेऱ्याला पाऊच हवा. मामाने लाल काठाचा घेतला. मनगटात अडकवायची दोरी हवी. घेतली. जास्तीची बॅटरी? लग्नात ऐन वेळी बॅटरी संपली तर बहीण जन्मभर ऐकवेल, म्हणून तीही घेतली. तीन पायांचं वीतभर स्टँड त्याला इतकं आवडलं की कशासाठी ते न विचारताच उचललं. टीव्हीला जोडायची वायर घेतली, कारण दुकानदाराने दाखवलं की एक बटण दाबलं की फोटो आपोआप एकामागून एक सरकत जातात, तुम्ही आपले हाताची घडी घालून बघत बसा. शेवटी मेमरी कार्ड. दुकानदार म्हणाला, दोन घ्या काका, एक घरचं, एक कामाचं, बरेच जण घेतात. इथे मात्र मामाला काटकसर सुचली. एकात हजार फोटो मावतात म्हणता, मग दुसऱ्यात काय ठेवू, असं त्याने विचारलं, आणि वर दुकानदाराकडे असं पाहिलं की बघा, मला कुणी फसवू शकत नाही. वीतभर स्टँड घेणारा हा शहाणा माणूस कार्ड मात्र एकच घेऊन बाहेर पडला.

मंगळवारपासून काम सुरू झालं. फोटो सुरेख यायचे. डॉक्टरबाई ते आपल्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेत, मग मामा कार्डावरून ते पुसून टाकी. फक्त एका गोष्टीवरून त्यांचं जमेना. चिठ्ठीवर मामा नंबर लिहायचा आणि वर मोठ्या, टपोऱ्या अक्षरात पेशंटचं नावही लिहायचा. डॉक्टरबाईंनी एकदा सांगितलं, मामा, नाव नको, नुसता नंबर. मामाने मान डोलावली. दुसऱ्यांदा जरा कडक आवाजात सांगितलं. पुन्हा मान डोलावली. माणूस म्हणजे काय पोतं आहे नंबर टाकायला? मी माझ्या पेशंटांना नावाने ओळखतो, असं त्याचं म्हणणं. यात माया होती, नाही असं नाही. पण माया आणि हट्ट एकाच ताटात जेवायला लागले की कोण कुणाचं खातंय ते कळत नाही.

त्या पेशंटांत एक शिवणबाई होत्या. मामाच्याच गल्लीत, चार दारं सोडून राहायच्या. साठीच्या, एकट्या, ताठ कण्याच्या. कपड्यावर एक सुरकुती चालायची नाही. अर्ध्या गावाच्या लग्नाचे कपडे त्यांच्या हातचे. उजव्या पायाला, घोट्याच्या वर, त्यांना दोन वर्षांपासून जखम होती. भरायची, फुटायची, वाहायची. ही गोष्ट मामा आणि डॉक्टरबाई सोडल्या तर कुणालाही माहीत नव्हती. कपडा सदा पायघोळ, मशीनचं पायडल डाव्या पायाने मारायचं, आणि मंगळवारी नि शुक्रवारी हॉस्पिटलच्या मागच्या दाराने यायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मामाला सांगून ठेवलं होतं की लोक माझ्याकडे पांढरं शुभ्र कापड देतात, पायातून पाणी गळतंय असं कळलं तर कोण देईल? झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. मामाने छातीवर हात ठेवून शब्द दिला होता, आणि तो दोन वर्षं पाळला होता. मामीलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि मामीपासून काही लपवणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

भाचीचं लग्न झालं. नवरीचे कपडे शिवणबाईंनीच शिवले होते, आणि सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. मामाने दीडशे फोटो काढले. पुढच्या मंगळवारी डॉक्टरबाई रजेवर होत्या, त्यामुळे त्या दिवशीचे जखमांचे फोटो कार्डावर तसेच राहिले, लग्नाच्या पाठोपाठ. मामाला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. रविवारी घरी सगळ्यांना लग्नाचे फोटो दाखवायला बोलावलं, तेव्हाही त्याच्या मनात येऊन गेलं. पण कॅमेरा आपल्याच हातात असणार, पाठवणी संपली की बंद करू, असं म्हणून त्याने तो विचार झटकला.

रविवारी संध्याकाळी बहीण, मेहुणे, शेजारपाजारच्या बायका, सगळे जमले. शिवणबाईंना मामीने मुद्दाम बोलावलं होतं, आपले कपडे टीव्हीवर बघू देत म्हणून. त्यांना चांगली खुर्ची दिली. मामाने वायर जोडली, फोटो आपोआप सरकायचं ते बटण दाबलं, आणि कॅमेरा त्या वीतभर स्टँडवर चढवून टीव्हीशेजारी ठेवून दिला. चला, त्या स्टँडचा एकदाचा उपयोग झाला. लोक वाहवा करू लागले. नवरीची बाही दिसली की बायका शिवणबाईंकडे वळून काही बोलायच्या, आणि त्या लाजून हसायच्या. मामीने आतून हाक मारली, कप न्यायला या. मामा गेला. दीडशे फोटो आहेत, इतक्यात थोडेच संपणार?

कप पुसून, चहा ओतून ट्रे उचलताना त्याला जाणवलं की बाहेरचा आवाज बंद झालाय. ट्रे तिथेच ठेवून तो धावला. टीव्हीवर, त्याच्या घरातल्या त्या मोठ्या टीव्हीवर, एक पाय होता. लाल, पिवळा, ओला. शेजारी चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर टपोऱ्या अक्षरात शिवणबाईंचं पूर्ण नाव. मामाने कॅमेऱ्यावर झडप घातली. बटणं इवलीशी, बंद करायचं सोडून त्याने मोठं करायचं दाबलं. फोटो वाढला. अजून दाबलं, अजून वाढला. पाय बाजूला गेला आणि पडदाभर फक्त ते नाव उरलं. त्याने वायरच उपटली तेव्हा कुठे पडदा काळा झाला.

सगळे मान वळवून शिवणबाईंच्या पायाकडे बघत होते, आणि आपण बघतोय हे लक्षात आल्यावर घाईघाईने दुसरीकडे बघत होते. शिवणबाई उठल्या. कपड्याचा घोळ नीट केला. मामीला म्हणाल्या, येते मी, काम पडलंय. आणि दार हळूच लावून गेल्या. मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हातात वायर धरून तसाच उभा, तोंड लपवायला स्वतःच्या घरात कोपरा सापडेना.

त्याच वेळी, त्याच पावली, तो त्यांच्या मागे गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. चार दारांचं अंतर. पण नाही गेला. सकाळी जाऊ म्हणाला. सकाळी म्हणाला, मंगळवारी ड्रेसिंगला येतीलच, तेव्हा माफी मागू. मंगळवारी तो ट्रे मांडून बसला, त्या आल्या नाहीत. शुक्रवारी नाहीत. रजिस्टरमध्ये त्यांच्या नंबरापुढे 'गैरहजर' लिहिताना पेन जड झालं. डॉक्टरबाईंनी चौकशी केली तर म्हणाला, गावाला गेल्या असतील. धडधडीत खोटं. त्यांच्या खिडकीवरून जायला नको म्हणून तो कामावर जाताना मागच्या गल्लीने वळसा घालू लागला.

मामी रोज एक बातमी आणायची, आणि प्रत्येक बातमी त्याच्या ताटात वाढायची. कोपऱ्यावरच्या घरातल्यांनी आपलं पांढरं कापड न शिवताच परत नेलं. दुसरीने कपडे नेले, पण घरी नेऊन आधी धुतले, आणि ते सगळ्यांना सांगितलं. तुम्ही जाऊन या हो, मामी म्हणायची. जातो, मामा म्हणायचा. दुसरा मंगळवारही गेला. शिवणबाईंची जखम दर चार दिवसांनी साफ केली नाही तर काय होतं, हे या गल्लीत फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तोच वळसा घालून फिरत होता. लाज वाटते, लाज वाटते म्हणत माणूस किती आपमतलबी होऊ शकतो, ते बघायचं असेल तर मामाचे ते अकरा दिवस बघावेत.

बाराव्या दिवशी दुपारी तो गेला. का गेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कदाचित रजिस्टरमध्ये तिसऱ्यांदा लिहिलेला तो शब्द सहन झाला नसेल. रस्ताभर त्याने माफीची वाक्यं पाठ केली होती.

शिवणबाईंनी दार उघडलं. या मामा, म्हणाल्या, आणि स्टूल पुढे सरकवलं. खोली लख्ख होती. मशीनवर झाकण घातलेलं, कपडे टांगायच्या दांडीवर दोनच कपडे. इस्त्रीचा वास, कसल्याशा अत्तराचा वास, आणि त्यांच्या खालून तिसरा एक वास. मामाला तो उंबऱ्यातच आला. सव्वीस वर्षं ज्या नाकाने जखमा ओळखल्या ते नाक कसं चुकणार? पाठ केलेलं सगळं तो विसरला.

"बाई, जखम बिघडलीय," तो म्हणाला. "उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे चला."

"न बघता कळलं?"

"वास येतोय."

बोलून गेला आणि त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली. शिवणबाईंच्या चेहऱ्यावर रक्त चढलं. त्यांनी हाताने कपडा पायाभोवती घट्ट ओढून घेतला.

"हेच ऐकायचं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "अकरा दिवस मी त्या दाराकडे बघत होते. म्हटलं, बाकीचे नाही आले तरी मामा येईल. आलात ते हे सांगायला."

मामा स्टुलावर बसला नव्हताच. उभ्या उभ्या, खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं. नाव लिहू नका म्हणून दोनदा बजावलं होतं, ते आपण ऐकलं नाही. कार्डावर ते फोटो आहेत हे माहीत होतं, तरी लावले. आणि नंतर तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. काही लपवलं नाही, कुणावर ढकललं नाही. मला वाट्टेल ते बोला, पण पाय वाचवा, असं म्हणून त्याने हात जोडले.

शिवणबाईंनी दांडीवरचा एक कपडा सारखा केला. मग म्हणाल्या, "तुमच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही मामा. असा हात नाही कुणाचा. पण आता तुमच्यासमोर पाय ठेवायचा म्हटलं की मला तो टीव्ही दिसतो. माझ्याच्याने नाही होणार."

मामाला वाटलं होतं लाज आपल्या एकट्याची. ती आपण या बाईंच्या घरात आणून ठेवलीय, आणि ती इथून हलणार नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"मग मी नसेन तिथे," तो म्हणाला. "तुम्ही याल त्या वेळी मी खोलीत पाऊलसुद्धा टाकणार नाही. पण तुम्ही या."

त्या दिवशी संध्याकाळी त्याने डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. चिठ्ठीवर नाव होतं का, एवढंच विचारलं, आणि हात पुढे केला. मामाने कॅमेरा, पाऊच, जास्तीची बॅटरी, सगळं त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. हे सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच घडलं, की मामा खोलीबाहेर पडला आणि जिन्यावर बसून राहिला.

शुक्रवारी शिवणबाई आल्या. जखम हाडाच्या जवळ गेली होती, पाय थोडक्यात बचावला. आठ दिवस त्यांना ठेवूनच घ्यावं लागलं. पुढे हॉस्पिटलमधली एक धाकटी सिस्टर त्यांचं ड्रेसिंग करू लागली. मामाने तिला आधी स्वतःच्या पायावर पट्टी बांधायला लावून शिकवलं. गॉझ आधी किती वेळ भिजवायचा, कुठल्या कडेने उचलायचा, त्या वेळी पेशंटला काय विचारायचं. ती चिडायची, मामा, मला येतं हो. येतं, तरी पुन्हा कर, तो म्हणायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी दहाच्या ठोक्याला तो उठून सामानाच्या खोलीत जायचा आणि बँडेजची बंडलं उगीचच या कपाटातून त्या कपाटात लावायचा. भिंतीपलीकडून शिवणबाईंचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. एकदा त्या हसल्या, तेवढं कळलं.

पाच महिन्यांनी एका मंगळवारी डॉक्टरबाई स्वतः सामानाच्या खोलीत आल्या. हातात तोच चंदेरी कॅमेरा. चेहरा फुललेला. "मामा, भरली जखम. संपूर्ण भरली. तुमच्या शिकवणीचं यश आहे हे, बघा तरी," आणि त्यांनी कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्याच्यापुढे धरला.

मामाने झटकन मान वळवली. पाच महिने त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. त्या बऱ्या झालेल्या पायाचं एक दर्शन व्हावं, म्हणून तो रात्री कूस बदलत असे. पण त्याने भिंतीकडेच बघत विचारलं, "त्यांना विचारलंत का?"

डॉक्टरबाईंनी कॅमेरा खाली घेतला. त्यांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. थांबा हं, म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. मामा हातात एक बंडल धरून उभा राहिला. बाहेर बाकावर शिवणबाई बसल्या असणार. डॉक्टरबाईंचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे.

डॉक्टरबाई परत आल्या त्या दारातच थांबल्या. त्यांनी कॅमेरा बंद केला.

"नको म्हणाल्या," त्या हळूच बोलल्या.

"बरोबर आहे त्यांचं," मामा म्हणाला, आणि हातातलं बंडल त्याने कपाटात ठेवलं.